सेयिलकान आणि निळा होणारा कागद

सेयिलकानला राग आला की आधी तिचे कान लाल व्हायचे. किर्गिझस्तानातल्या आत-बाशी गावच्या रुग्णालयात नवीन लागलेल्या नर्सला हे पहिल्याच आठवड्यात कळायचं. रक्ताची नळी अर्धीच भरली, नळीवर नाव लिहायचं राहिलं, किंवा रक्त काढून तासभर गप्पा छाटल्या आणि मग आणून दिलं, की प्रयोगशाळेच्या खिडकीतून एक पांढरी टोपी बाहेर यायची. टोपीखाली पेटलेले दोन कान.

"हे रक्त आहे का कालचं सूप? जा, त्या म्हाताऱ्याकडे परत जा. सांग त्याला, माझ्या बेफिकिरीपायी तुम्हाला दुसऱ्यांदा टोचून घ्यावं लागतंय. आणि नीट माफी माग."

चौतीस वर्षं ती त्या खिडकीमागे बसली होती. मध्ये देश बदलला, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी यंत्रं आली. डॉक्टर आले आणि शहरात बदली करून घेऊन गेले. नवरा कामासाठी रशियात गेला आणि तिकडे दुसरा संसार मांडून बसला, तेव्हाही ती दुसऱ्या दिवशी आठ वाजता खिडकीत होती. तिच्या हातचा आकडा चुकत नाही, असं सगळा तालुका म्हणायचा. तिच्याशी बोलायला मात्र कोणी आपणहून जायचं नाही.

एक माणूस सोडून. तिचा थोरला भाऊ जुमाकादिर.

वडील गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तो सतरा. तो तिच्यापेक्षा हुशार होता, गणितात तर शाळेत पहिला. पण घरात मेंढ्या होत्या आणि त्यांच्यामागे जायला दुसरं कोणी नव्हतं. त्याने वह्या बांधून कपाटावर ठेवल्या आणि वरच्या कुरणांत निघून गेला. सेयिलकान शिकली. फ्रुन्झेला, म्हणजे आताच्या बिश्केकला, जाऊन पदविका घेऊन आली, त्या दिवशी तो बसच्या थांब्यावर दोन घोडे घेऊन उभा होता. तिच्या हातातला कागद त्याने वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "आता माझी मेंढरं आजारी पडली की तूच बघ." एवढंच. तो सांगायचा नाही, पण थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्याला आके म्हणायची, आणि तेही अशा मानाने की ऐकणाऱ्याला वाटावं हा कोणी सरपंच आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या सुकत चालल्याचं तिनेच शोधलं. पायाला सूज येते म्हणून तिने जबरदस्तीने रक्त घेतलं आणि यंत्रातून जो आकडा आला तो बघून ती खुर्चीत बसली. नारिन शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी कागद लिहून दिला. मीठ जवळपास बंद. मांस तळहाताएवढं. बटाटे रात्रभर पाण्यात ठेवून दोनदा उकडायचे आणि दोन्ही पाणी फेकून द्यायचं. केळी, मनुका, वाळवलेले जर्दाळू यांना हात लावायचा नाही, कारण त्यांतलं पोटॅशियम थकलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि एक दिवस हृदय थांबवतं. सेयिलकानने तो कागद स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिला आणि वहिनीच्या, अनारकानच्या, स्वयंपाकघरात चुलीच्या वर ठोकला.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुमाकादिर घोड्यावरून यायचा, कुंपणाला घोडा बांधायचा, बाही वर करायचा. ती रक्त घ्यायची, मग दोघं खिडकीआड बसून चहा प्यायची. तो घोड्यांबद्दल बोलायचा, ती नर्सेसच्या नावाने खडे फोडायची. दोघांचं छान चाललं होतं.

आणि मग गुलसुन शहरातून परत आली.

गुलसुन सेयिलकानच्याच वर्गातली. तीस वर्षं गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मऊ बोलणारी, मऊ हातांची बाई. मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर तिच्या पोटात सतत आग पडायची, म्हणून मुलीकडे बिश्केकला गेली आणि सहा महिन्यांनी आली ती पंधरा किलो हलकी होऊन, गाल तजेलदार, हातात कागदाच्या पट्ट्यांची गुंडाळी. दर गुरुवारी गावच्या सांस्कृतिक भवनात ती सभा घेऊ लागली. तिचं म्हणणं असं, की माणसाचं शरीर आंबतं. मांस, मैदा, साखर, घोडीचं आंबवलेलं दूध, वाळवलेल्या दह्याचे गोळे, आपण जे जे खात आलो ते सगळं आम्ल. त्याने रक्त आंबट होतं आणि आंबट रक्तात रोग धरतो. पालेभाज्या, बीट, बटाट्याचं पाणी, केळी, जर्दाळू हे अल्कली. ते खा, पीएच सांभाळा, रोग आपोआप निघून जाईल. मग ती एका वाटीत आंबवलेलं दूध घ्यायची, कागद बुडवायची, कागद लाल. दुसऱ्या वाटीत हिरव्या पावडरीचं पाणी, कागद निळा. अर्धं गाव तिच्याकडे रसायनशास्त्र शिकलेलं. लाल आणि निळा तिने शिकवला होता, तिच्यावर कोण अविश्वास दाखवणार?

सेयिलकानने हे ऐकलं आणि हसून सोडून दिलं. म्हाताऱ्या बाया दोन पानं जास्त खातील, खाऊ देत, ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी ती भावाकडे गेली. जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं होतं, पण त्यावर ओळखीचं काही नव्हतं. ना वाळवलेलं दही, ना लोणी. एका काचेच्या भांड्यात हिरवागार रस, ताटलीत बिटाचे काप, आणि बशीभर जर्दाळू. वाळवलेले, सुरकुतलेले, गडद केशरी.

"हे कुणासाठी?" तिने विचारलं.

अनारकान चहाच्या किटलीकडे बघत राहिली. जुमाकादिरने एक जर्दाळू उचलला आणि शांतपणे तोंडात टाकला.

"आके!"

"बस, सेयिल. चहा घे."

"आके, थुंका ते. आधी थुंका. वहिनी, चुलीवर मी कागद लावलाय तो कशाला लावलाय? भिंत झाकायला?"

"तुझे भाऊच म्हणाले की आता हे खायचं," अनारकान पुटपुटली. "गुलसुन येऊन सांगून गेली. त्यांचं रक्त आंबट झालंय म्हणाली."

"गुलसुन!" सेयिलकानचे कान पेटले. "गुलसुन काय सांगणार? ती शाळेत बेडूक कापायला घाबरून बेशुद्ध पडली होती! वाळलेले जर्दाळू, बटाट्याचं पाणी, अहो जे फेकून द्यायचं तेच तुम्ही गाळून पिताय? हे तुम्हाला विष आहे. साधं सरळ विष!"

"मला बरं वाटतंय," जुमाकादिर म्हणाला. "महिनाभर मांस सोडलंय. अंग हलकं वाटतं. लघवीत कागद बुडवला की निळा येतो. पहिल्यांदा पिवळा यायचा. मी रोज बघतो."

"लघवीत कागद बुडवून तुम्ही रक्त बघता? मी तिथे चौतीस वर्षं काय गोट्या खेळले?"

"आवाज खाली कर. शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत! सगळ्या गावाला ऐकू देत!" आणि मग तिच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे तिला पुढे कित्येक महिने झोपू देणार नव्हतं. "तुमचा तिच्या कागदावर एवढा विश्वास असेल, तर माझ्याकडे कशाला येता? तिलाच सांगा रक्त बघायला. माझ्या खिडकीत पाय ठेवू नका!"

जुमाकादिरने तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्याने फक्त बशी स्वतःकडे ओढून घेतली.

"बरं," तो म्हणाला.

सप्टेंबरचा पहिला सोमवार आला. कुंपणाला घोडा नव्हता. सेयिलकानने दुपारपर्यंत चार वेळा खिडकीतून बघितलं आणि प्रत्येक वेळी नर्सवर खेकसली. येईल, अडेल तेव्हा येईल, ती स्वतःला म्हणाली. मी का जाऊ? मी काय चुकीचं बोलले? ऑक्टोबरचा पहिला सोमवार आला. घोडा नव्हता. तिने त्या दिवशी दुपारी कोट घातला, फाटकापर्यंत गेली, आणि तिथून परत आली. का परत आली, हे तिने कोणालाच कधी सांगितलं नाही. माघार घेणं तिला चौतीस वर्षांत जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. अनारकान रडत होती.

"सेयिलकान, यांचे पाय उचलत नाहीत. न्याहारीला उठायला गेले आणि पाय कणकेसारखे खाली बसले. आता हातही... म्हणतात, छातीत घोडा हळूहळू चालतोय."

"हळूहळू चालतोय" याचा अर्थ सेयिलकानने लगेच ओळखला. शेजाऱ्याच्या गाडीतून त्याला आणलं तेव्हा त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. तिने स्वतः रक्त घेतलं. यंत्राने आकडा दाखवला. पोटॅशियम माणसाच्या रक्तात साडेतीन ते पाचच्या मध्ये असतं. भावाचं आठला टेकलं होतं.

नळीत रक्तपेशी फुटल्या असतील तर आकडा खोटा वाढतो. तिने नळी उजेडात धरली. वरचं पाणी स्वच्छ पिवळं होतं, एकही लाल छटा नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की आपण नळी वाईट भरली असती तर बरं झालं असतं. तिने पुन्हा लावलं. तोच आकडा.

मग ती धावली. सत्तावन्न वर्षांची बाई, पांढरी टोपी मागे पडलेली, व्हरांड्यातून धावत तरुण डॉक्टर एर्मेककडे गेली.

"पोटॅशियम आठ. दोनदा लावलंय. नळी चांगली आहे."

एर्मेकने विचारलं नाही, खात्री आहे का. हृदयाचा आलेख काढला, रेघा रुंद आणि विचित्र होत्या. शिरेतून कॅल्शियम दिलं, मग इन्शुलिन आणि साखरेचं पाणी, मग सोड्याची बाटली लावली. सेयिलकान पलंगाच्या पायाशी उभी राहून आलेखाच्या पडद्याकडे बघत होती. तासाभराने रेघा अरुंद झाल्या. एर्मेकने घाम पुसला.

"एजे, आता नारिनला न्यावं लागेल. डायलिसिसच्या यंत्रावर. आणि आता यंत्रावरून सुटका नाही. किडनीचं उरलंसुरलं होतं तेही गेलं."

थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणायचा, एरवी तिला ते आवडायचं. त्या दिवशी ती त्याच्यावरच ओरडली. "उरलं होतं! वर्ष दीड वर्ष उरलं होतं! कुणी खाल्लं ते, सांग ना!" पोरगा बिचारा नारिनला फोन लावायला गेला. पुढे तिने त्याची माफी मागितली, आणि तीसुद्धा ओरडूनच.

नारिनला ती आठ दिवस राहिली. भाऊ यंत्राला जोडलेला, डोळे मिटलेले. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. तिसऱ्या दिवशी तिने बाजारातून गुलसुनच्या यादीतलं सगळं आणलं, आणि तिथल्या प्रयोगशाळेतल्या मुलीकडून स्वतःचं रक्त तपासून घेतलं, मनगटाच्या धमनीतून, दुखतं तिथून. आम्ल-अल्कलीचा आकडा आला सात पॉइंट एकोणचाळीस. मग पाच दिवस ती पाला, बीट, केळी, जर्दाळू आणि बटाट्याचं पाणी एवढ्यावर राहिली. लघवीत कागद बुडवला, निळा आला. छान निळा, गुलसुनला अभिमान वाटावा असा. पुन्हा मनगटातून रक्त दिलं. सात पॉइंट चाळीस. मुलगी म्हणाली, यंत्रातच एवढा फरक पडतो. सेयिलकानने दोन्ही कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवले आणि गुरुवारी सकाळच्या गाडीने घाट ओलांडून आत-बाशीला आली.

सांस्कृतिक भवनात लोखंडी शेगडी पेटवलेली होती. वीस-बावीस बाया, तीन-चार म्हातारे. गुलसुन टेबलामागे उभी, समोर दोन वाट्या. सेयिलकान दारात दिसली तशी सगळी कुजबुज थांबली. जुमाकादिरचं गावभर झालेलंच होतं.

"ये सेयिलकान," गुलसुन म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "तुझ्या आकेची तब्येत ऐकून मी..."

"तुझा तो कागद दे."

गुलसुनने गुंडाळी पुढे केली. सेयिलकानने ती घेतली आणि बायांकडे वळली.

"हा कागद लघवीत बुडवून तुम्ही म्हणता, रक्त सुधारलं. अगं बायांनो, तुमच्या चुलीतून तुम्ही रोज राख काढता ना? अंगणाच्या कोपऱ्यात टाकता. उद्या कोणी ती राख चिमटीत धरून सांगायला लागलं की या घरात ऊब किती आहे, तर तुम्ही त्याला घरात घ्याल? लघवी म्हणजे राख. शरीराला नको ते ते बाहेर टाकतं. तुम्ही पाला खाल्लात, पाल्याची राख बाहेर आली, निळी. मांस खाल्लंत, मांसाची राख आली, पिवळी. आत रक्त आहे तसंच आहे. हे बघा माझे आकडे. पाच दिवस मी हिचंच खाल्लंय!"

तिने कागद पहिल्या रांगेतल्या बाईच्या मांडीवर टाकले. बाईने ते उलटे धरले.

"मग माझी जळजळ थांबली ती?" मागून एक म्हातारी म्हणाली. "खोटी थांबली का?"

"खरी थांबली. तुम्ही रात्रीची चरबी सोडलीत, पोटभर भाजी खाल्लीत. खा ना! बीट खा, पालक खा, मी कुठे अडवते? ज्याची किडनी धडधाकट आहे त्याने टोपलीभर खावं. पण रक्त आंबट होतं आणि केळ्याने गोड होतं, हे खोटं आहे. आणि ज्याची किडनी गेलीये त्याला हे सांगणं म्हणजे..." तिचा आवाज फाटला. "माझ्या भावाला हिने जर्दाळू भरवले. मी नको म्हणून लिहून लावलेला कागद चुलीवर होता, त्याच्याखाली उभं राहून!"

गुलसुनचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "डॉक्टरांनी त्याला सोडा दिला. शिरेतून. अनारकानने मला सांगितलं. सोडा म्हणजे अल्कलीच की, सेयिलकान. म्हणजे त्याचं रक्त आंबट झालेलंच होतं. मी सांगत होते तेच ना?"

सेयिलकानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती टेबलापर्यंत चालत गेली.

"हो. झालं होतं आंबट. कारण रक्तातलं आम्ल किडनी बाहेर टाकते, ताट नाही टाकत. त्याची किडनी दमली होती, म्हणून झालं. तो सोडा डॉक्टरने मोजून दिला, आलेख बघून, सुई हातात धरून. तू त्याला अल्कलीच्या नावाखाली पोटॅशियम पाजलंस, बादलीने! दमलेल्या घोड्यावर आणखी दोन गोण्या टाकल्यास आणि वर म्हणतेस, बघा, घोडा दमलाच होता की! तू रसायनशास्त्र शिकवायचीस ना गं? तीस वर्षं? मुलांना काय शिकवलंस, लाल आणि निळा एवढंच?"

कोणीतरी "कोकुय!" म्हणून तोंडावर हात ठेवला. गुलसुन पांढरीफटक पडली होती, पण तिने मान खाली घातली नाही.

"मला पोटॅशियमचं माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तर त्याला त्या बशीला हात लावू दिला नसता. मला विचारायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं. पण तुला कोण विचारतं, सेयिलकान? तो माझ्या स्वयंपाकघरात बसून रडायचा. जुमाकादिर. डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या यंत्र. त्याला भीती वाटायची. मला म्हणाला, घोड्यावरून उतरवून मला दोरीला बांधणार आहेत. मी म्हटलं, बहिणीला सांग. तर म्हणाला, ती आकडा सांगते आणि ओरडते. मी त्याला काहीतरी करायला दिलं. स्वतःच्या हाताने करता येईल असं. रोज सकाळी कागद निळा बघून तो हसायचा. चुकलं माझं. पण तू सांग, त्याला रडताना तू कधी बघितलंस?"

सेयिलकानने त्याला रडताना कधीच बघितलं नव्हतं. वडिलांना पुरलं तेव्हाही नाही.

तिने हातातली गुंडाळी शेगडीचं झाकण उघडून आत टाकली. कागद भसकन पेटला. मग तिने हिरव्या पावडरीचा डबाही उचलला, पण तो परत ठेवला, कारण तो कोणीतरी पैसे देऊन घेतलेला होता, आणि दार आपटून बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिला कळलं की आपले दोन्ही आकड्यांचे कागद आत राहिलेत. ती आणायला गेली नाही.

नोव्हेंबरमध्ये तिने खिडकी सोडली. निवृत्तीला वर्ष बाकी होतं. रुग्णालयाने चहापान ठेवलं, ती गेली नाही. नारिनला यंत्राच्या जवळ दोन खोल्या घेतल्या, भाऊ, वहिनी आणि ती. आठवड्यातून तीनदा चार-चार तास. ती रोज बटाटे दोनदा उकडायची आणि पाणी मोरीत ओतायची, एवढ्या जोरात की भिंतीवर उडायचं.

जुमाकादिर बरेच आठवडे तिच्याशी कामापुरतं बोलला. एके दिवशी जेवताना तिने चमचा खाली ठेवला.

"आके, मला का नाही सांगितलंत? भीती वाटते म्हणून?"

तो चावत राहिला. "तुला काही सांगायचं म्हणजे आधी डोकं झाकून घ्यावं लागतं, सेयिल."

अनारकान हसली आणि लगेच तोंड दाबलं.

"मी तुमच्या भल्यासाठीच ओरडते!"

"हे बघ. आत्ताही."

तिने दात आवळले. कान लाल झालेले तिला स्वतःला जाणवत होते. "बरं," ती म्हणाली, शक्य तेवढं हळू. "मी 'माझ्या खिडकीत पाय ठेवू नका' म्हटलं होतं. ते मी म्हणायला नको होतं."

"तू म्हणालीस आणि मी ऐकलं. मी काय पोर आहे? चौसष्ट वर्षांचा घोडा मी. कोणी माझ्या तोंडात कोंबलं नाही. मला खरं ऐकायचं नव्हतं, म्हणून गोड बोलणाऱ्याकडे गेलो." त्याचा आवाज चढला. तोही तिचाच भाऊ. "तू आणि गुलसुन, दोघी माझा दोष वाटून घेताय, तू म्हणतेस माझ्यामुळे झालं, ती म्हणते माझ्यामुळे. अरे, मी जिवंत आहे! या दोरीला बांधलेला, कुरण दिसत नाही, पण जिवंत आहे. माझ्या मूर्खपणाचं श्रेय तरी मला द्या!"

त्यानंतर दोघं भांडायला लागली, पूर्वीसारखी, आणि घरात थोडं बरं वाटू लागलं.

मार्चमध्ये, बर्फ वितळून रस्त्यात राड झालेली असताना, दारावर थाप पडली. सेयिलकानने उघडलं. गुलसुन उभी होती. वाळून गेली होती, ते शहरातून आली तेव्हासारखं नाही, आजारी माणसासारखं. तिने सभा ऑक्टोबरातच बंद केल्या होत्या. गावात आता पावडरीचे डबे पोस्टातली एक बाई विकते, हे सेयिलकानला माहीत होतं आणि त्याचाही तिला राग होता.

"त्याला भेटायचंय," गुलसुन म्हणाली. "बघून जाते."

"नाही."

"दोन मिनिटं."

"नाही म्हटलं ना. तुझी दोन मिनिटं आम्हाला फार महाग पडतात."

आतून जुमाकादिरचा आवाज आला. "कोण आहे?"

सेयिलकानने दाराची कड धरून ठेवली.

"गुलसुन आहे का? ये गं आत. सेयिल, हे माझं घर आहे. मी अजून मेलो नाहीये."

सेयिलकान बाजूला झाली. पूर्ण नाही, एका खांद्याएवढी. गुलसुन अंग चोरून आत गेली, भावाच्या पलंगाशी बसली. दोघं हळू बोलत होती. मध्ये एकदा गुलसुन रडली, मध्ये एकदा जुमाकादिर हसला. सेयिलकान स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत नव्हती, निदान ऐकत नसल्यासारखं बटाटे सोलत होती. चहा तिने ठेवला नाही. अनारकानने किटलीकडे हात नेला तेव्हा तिने फक्त बघितलं आणि अनारकानने हात मागे घेतला.

अर्ध्या तासाने गुलसुन उठली, पायात बूट घातले. उंबऱ्यावर थांबली. माफ कर असं ती नारिनपर्यंत येऊन एकदाही म्हणाली नव्हती, कदाचित तिला माहीत होतं की उत्तर काय येईल.

दारापर्यंत आलेलं माणूस भाकरी न चाखता घरातून जाऊ द्यायचं नाही, हे सेयिलकानच्या आईने तिला चालायला लागायच्या आधी शिकवलं होतं. वैरी असला तरी नाही. तिने ताटलीत नान घेतला, दारापाशी आली आणि ताटली पुढे धरली. तोंड भिंतीकडे होतं. कान लालबुंद.

गुलसुनने कडेचा एवढासा तुकडा तोडला, तोंडात टाकला, चावला, गिळला. मग चिखलातून बस थांब्याकडे चालायला लागली.

सेयिलकानने दार लावलं. आपटलं नाही, पण हळूही लावलं नाही.